हुप्प्याचा दहावा

माझ्या प्रबंधाचा विषय मला इंग्रजीत न अडखळता सांगता यायचा. वानरांच्या टोळीतल्या मुख्य नराच्या शरीरातली संप्रेरकं आणि त्याचं सोबतीणींशी, समागमाशी, भांडणांशी असलेलं नातं, असा तो विषय. इंग्रजीत हे वाक्य पांढरा कोट घालून येतं. तेच मी मराठीत, आत्याच्या ओट्यावर, शेंगा फोडत बसलेल्या सात बायकांसमोर सांगायला गेले तेव्हा त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. मी अर्ध्यात थांबले आणि एक शेंग उचलून फोडायला लागले.

"म्हंजे माजाचं बघतीस व्हय तू?" आत्याने विचारलं.

सात बायकांपैकी एकीलाही यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. म्हैस माजावर आलेली कशी ओळखायची, डॉक्टरला कधी बोलवायचं, रेतन कधी टिकतं आणि कधी फुकट जातं, यावर पुढची वीस मिनिटं अशी चर्चा झाली की तशी माझ्या कॉलेजातल्या चर्चासत्रात कधी ऐकली नव्हती. शेवटी, पिल्लाला पाजताना आईच्या अंगात एक संप्रेरक वाढतं आणि त्यानेच माया जडते, असं मी हळूच सांगितलं. आत्या म्हणाली, "पान्ह्याचं इंजेक्शन म्हण की. त्याला आता बंदी हाय. मायेचं औषध दुकानात मिळत न्हाई आता." झालं. माझं पहिलं प्रकरण तिने तीन वाक्यांत संपवलं होतं.

मी वाढले साताऱ्यात, कॉन्व्हेंटच्या शाळेत. मराठी घरात बोलायचो, पण घरातली मराठी म्हणजे 'जेवलीस का' आणि 'अभ्यास कर'. आत्याचं गाव पलूसच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. खाली ऊस, वर बोडका डोंगर, मध्ये मारुतीचं देऊळ आणि त्याच्याभोवती चिंचेची चार मोठी झाडं. त्या झाडांवर वानरांची एक टोळी राहायची. माझ्या मार्गदर्शक मॅडमना अशीच टोळी हवी होती, माणसांना सरावलेली. आत्याचं घर आहे म्हटल्यावर राहण्याचाही प्रश्न सुटला. आत्याचे यजमान, म्हणजे आमच्याकडच्या रीतीप्रमाणे माझे मामा, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगाही सैन्यात. आमच्यात भावाच्या मुलीवर, सून म्हणून, आत्याचा पहिला हक्क धरतात. दहावीत आनुवंशिकता शिकल्यापासून मी तो हक्क शास्त्रीय कारणं देऊन टाळत आले होते. आत्याने ती कारणं कधी मान्य केली नाहीत, पण मनालाही लावून घेतली नाहीत. मला खोली दिली, आणि फ्रीजमधला वरचा बर्फाचा कप्पाही दिला.

त्या कप्प्याशिवाय काहीच झालं नसतं. वानराचं रक्त काढता येत नाही. काढू देत नाही तो, आणि वनखातंही. पण संप्रेरकांचे अवशेष विष्ठेत उतरतात. म्हणून माझं काम असं होतं: पहाटे सहाला देवळाजवळ जायचं, हुप्प्यावर, म्हणजे टोळीच्या मुख्य नरावर, नजर ठेवायची आणि त्याने विष्ठा टाकली की काही मिनिटांत ती लाकडी काडीने उचलून नळीत भरायची. नळीवर क्रमांक, तारीख, वेळ. मग बर्फाचा डबा, मग आत्याचा फ्रीज. वहीत त्या दिवशी तो कुणाशी भांडला, कुणाजवळ बसला, कुणाशी काय केलं. हे ऐकायला सोपं वाटतं. पण हुप्प्या बसतो चाळीस फुटांवर, खाली मी, आणि मध्ये चिंचेच्या फांद्या. वस्तू कुठल्या फांदीवर आपटून कुठे वळेल याचा अंदाज यायला मला दोन आठवडे आणि तीन ओढण्या लागल्या.

पहिला आठवडा गाव नुसतं बघत राहिलं. मी वनखात्याचं शिक्क्याचं पत्र घेऊन फिरत होते, पण कुणी मागितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात देवळाच्या पारावरचे लोक मला मदत करायला लागले, आणि मला ती मदत नको होती.

"आगं सातारकरीण! शेपूट वर केली बघ, पळ!"

"आवं, तिला सावकाश जाऊ द्या, पाय घसरंल."

"मिळालं का? बरं हाय का आज? काल जरा पातळ व्हतं."

मला रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर मी मोबाईल बघत पुढे जाणारी. इथे मी वाकून नळी भरायचे तेव्हा मागे आठ-दहा माणसं शांत उभी असायची आणि झाकण लावलं की सगळ्यांना बरं वाटायचं.

गावात त्या हुप्प्याचा एकच उघड शत्रू होता. पाण्याच्या टाकीशेजारी एकटी राहणारी म्हातारी. तिच्या परसात दोन गुंठे मका. हुप्प्या रोज सकाळी येऊन एक कणीस मोडायचा, अर्धं खायचा आणि उरलेलं तिच्या पत्र्यावर टाकायचा. म्हातारी गोफण घेऊन बाहेर यायची. "मुडद्या! तुझ्या तोंडाला आग लागली! पुरतं तरी खा की रं!" तिचा एकही दगड त्याला लागलेला मी पाहिला नाही. मी वहीत लिहायचे, 'मनुष्याशी संघर्ष, वेळ सात चाळीस'. रोज सात चाळीस.

माझ्या नोंदींत सगळ्यात विचित्र गोष्ट वेगळीच होती. टोळीत तेरा माद्या. त्यातल्या तरण्या माद्यांशी हुप्प्याचं जे काही व्हायचं ते मिनिटभरात आटपायचं आणि दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने दोन दिशांना जायची. पण एक म्हातारी मादी होती, डावा कान तुटलेला, दात झिजलेले, पिल्लं होण्याचं वय कधीच मागे पडलेलं. दुपारी ऊन चढलं की हुप्प्या टाकीच्या सावलीत जाऊन तिच्याशेजारी बसायचा. ती त्याच्या पाठीचे केस उलगडायची, तो डोळे मिटायचा. नराला तिच्याकडून मिळण्यासारखं काही नव्हतं. निदान आमच्या पुस्तकाप्रमाणे नव्हतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "एका जोडीवरून काही म्हणता येत नाही. पण त्या दिवसांचे नमुने चुकवू नकोस. ताणाचं संप्रेरक खाली जातं का, बघायला मिळेल." मग मी एकही दिवस चुकवला नाही.

रोज नमुना हाती लागायचा नाही, तरी चार महिन्यांत अडतीस नळ्या झाल्या. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मॅडमनी ओळखीने यंत्राची वेळ मिळवली होती, महिनाअखेरीची. ती हुकली की पुढची वेळ पुढच्या वर्षी, आणि माझी पदवीही पुढच्या वर्षी. त्या अडतीस नळ्यांवर माझं दोन वर्षांचं सगळं शिक्षण उभं होतं, आणि त्यांच्यावर आत्याने मटारची पिशवी ठेवली होती.

मग एका सकाळी हुप्प्या विजेच्या डीपीवर चढला आणि तारेला चिकटला.

मला खरं सांगायला हवं. मी धावत गेले, तो खाली पडलेला पाहिला, आणि मनात आलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं: आता टोळीची 'आधी' आणि 'नंतर' अशी तुलना करता येईल. या वाक्याची मला अजून लाज वाटते. तेवढ्यात टाकीजवळची म्हातारी आली, गोफण हातातच होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि मटकन खाली बसून असा हंबरडा फोडला की सख्खा मुलगा गेल्यावरही कुणी फोडणार नाही.

गावाने त्याला देवळासमोर समाधी दिली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला केळीचे खुंट बांधले, त्याला बसवलं, गुलाल टाकला, भजनी मंडळ पुढे. मामांनी जुना कोट घालून, छातीवर पदकं लावून कडक सलाम ठोकला. चौघांनी मुंडण केलं. त्यातला एक डेअरीचा चेअरमन. त्याच्या डोक्यावर तसे फारसे केस नव्हते, पण होते तेवढे दिले. दहाव्याला गावजेवण ठरलं.

मधल्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. डोंगरावरून एक नवा तरणा हुप्प्या उतरला आणि टोळीत शिरला. त्या आठवड्यात एक तान्हं पिल्लू दिसेनासं झालं. नवा नर आला की आधीच्या नराची पिल्लं मारतो, हे मी वाचलं होतं. मी वहीत लिहिलं आणि गावात कुणाला सांगितलं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गावात बोलणं सुरू झालं. कुठून सुरू झालं ते मला माहीत होतं. टाकीजवळची म्हातारी डेअरीवर म्हणाली होती, "चार महिनं ती पोरगी रोज त्याचं काय ना काय नेत व्हती. माणसाच्या अंगातनं रोज थोडं थोडं गेल्यावर ऱ्हाणार काय त्याच्यात? तारेचं निमित्त झालं."

आत्या तिथेच दूध घालत होती, ती भडकली. "त्यानं टाकलेलं तिनं उचललं! अंगातनं कुठं काढलं?"

"टाकलेलं असूं दे. पर त्याचंच न्हवं?" म्हातारी म्हणाली.

आत्या किटली उचलून घरी आली, आणि मला हे सगळं सांगून तिने फ्रीजचं दार उगाच एकदा उघडून पाहिलं.

दहाव्याच्या सकाळी सगळा गाव देवळासमोर जमला. गुरवाने भाताचा पिंड केला, त्यावर शेंगदाणे आणि गूळ, कारण हुप्प्याला ते आवडायचं, आणि समाधीजवळच्या दगडावर ठेवला. माणसं लांब सरकून उभी राहिली. आता कावळ्याने येऊन पिंडाला चोच लावायची, म्हणजे गेलेल्याची कसली इच्छा मागे राहिलेली नाही. चिंचेवर कावळे होते. पाच-सहा. एकही खाली येईना.

अर्धा तास झाला. मग इच्छा शोधायचं काम सुरू झालं. माणसाच्या दहाव्याला नातेवाईक एकेक पुढे येऊन शब्द देतात, 'लेकीचं लग्न करू', 'शेताची वाटणी नीट करू'. इथे नातेवाईक कोण ते ठरलेलं नव्हतं, म्हणून सगळा गाव नातेवाईक झाला. चेअरमनने हात जोडले. "मक्याच्या रानाला करंटची तार सोडणार न्हाई बाबा." कावळा हलला नाही. वायरमन पुढे आला. "डीपीला कुंपण घालतो. ह्याच महिन्यात." कावळ्याने मान फिरवली. मागून एकजण म्हणाला, "ह्याच महिन्यात म्हटल्यावर त्येचाबी इस्वास बसंना." लोक हसले आणि लगेच गप्प झाले. एक तरणा माणूस अडखळत म्हणाला, "माझा मोबाईल पळवला व्हतास, तवा आई-बापावरनं शिव्या दिल्या. माघारी घेतो."

गुरवाला दुपारी पलूसला दुसरीकडे जायचं होतं. तो म्हणाला, "दर्भाचा कावळा करूया का? शास्त्रात चालतंय." गावाने त्याला गप्प बसवलं. एवढा मोठा हुप्प्या, आणि त्याला गवताचा कावळा?

तेव्हा टाकीजवळची म्हातारी उठली. "इच्छा कसली सोधताय! त्यो पुरता हितं हाय कुठं? निम्मा हिच्या आत्याच्या फ्रीजात हाय."

सगळी माणसं माझ्याकडे वळली. एवढे डोळे माझ्याकडे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत वळले होते, आणि तेव्हा मला उलटी झाली होती.

मी आत्याकडे पाहिलं. आत्या मामांकडे. मामा म्हणाले, "गावाचं म्हणणं बरोबर हाय. जवानाचं सगळं सामान घरी पाठवत्यात. फुटका मग्गासुदीक. पोरी, जा, घेऊन ये. समाधीत ठेवू."

"मामा, माझी परीक्षा..." मी म्हणाले. यापुढचं मराठीत आलं नाही, इंग्रजीतही आलं नाही.

आत्या मला दंडाला धरून घरी घेऊन गेली. मला वाटलं ती मला समजावणार. तिने फ्रीज उघडला, मटारची पिशवी काढली, माझ्या नळ्यांचा डबा बर्फात पार मागे सारून तीच पिशवी पुढे दडपली आणि मला विचारलं, "रिकाम्या नळ्या हायत का?"

"आहेत."

"आण."

ती गोठ्यात गेली. मी नळ्या घेऊन मागे गेले. म्हशीच्या मागे उकिडवं बसून आत्याने ज्या झपाट्याने नळ्या भरायला सुरुवात केली, तो चार महिन्यांत मला एकदाही जमला नव्हता. "आकडे टाक तू," ती म्हणाली. "एक ते अडतीस. कुणाला काय कळतंय! सगळं ह्येच, पोटातनं आलेलं."

"आत्या, हे खोटं आहे."

"परीक्षा खोटी हाय का?"

मी आकडे टाकले. घाईत एक आणि सात एकसारखे दिसायला लागले, तर आत्या म्हणाली, "नीट काढ, डागदर व्हायचंय तुला." मी डॉक्टर होणार नव्हते, पण ती चूक सुधारायची ती वेळ नव्हती.

आम्ही त्या नळ्या एका डब्यात घालून परत आलो. समाधीशेजारी खड्डा तयार होता. मामांनी डबा दोन्ही हातांत घेतला, तिरंग्यात गुंडाळलेलं काही घ्यावं तसा. मग माझ्याकडे पाहून, अगदी साध्या आवाजात, खात्री करून घ्यावी म्हणून विचारलं, "ह्यात त्याचंच हाय न्हवं, बाळ?"

मला 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण मला माहीत होतं की 'हो' म्हटलं की कुणीतरी विचारणार, मग हे अजून ओलं कसं, मग याला गवताचा वास कसा, मग बर्फ कुठे आहे, आणि प्रत्येक प्रश्नाला एक नवीन वाक्य लागणार. खोटं बोलायला फार बोलावं लागतं. मी कमी बोलणारी मुलगी आहे.

"नाही," मी म्हणाले. "म्हशीचं आहे."

आत्याने कपाळावर हात मारला. गर्दीतून आवाज आला, "कुणाच्या म्हशीचं?" कुणीतरी त्याला कोपर मारलं.

मामांचा चेहरा पडला. ते रागावले असते तर मी रडून मोकळी झाले असते. ते नुसते डबा धरून उभे राहिले, त्यांना आता तो कुठे ठेवायचा कळेना. आणि मग मी बोलायला लागले. ते भाषण नव्हतं, मला भाषण येत नाही. मी जमिनीकडे बघत बोलत होते आणि मध्येच इंग्रजी शब्द येत होते.

मी म्हणाले, त्या खऱ्या नळ्यांमध्ये त्याचे दिवस आहेत. ज्या दिवशी तो डोंगरावरच्या नरांशी भांडला त्या दिवसाचं रक्त कसं उसळलं होतं, ते त्यात आहे. ज्या दिवशी तो घाबरला होता तेही. त्याचा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, पण आतून त्याला काय होत होतं ते फक्त त्यात आहे. पुरलं तर ते कुणालाच कळणार नाही. आणि मला बघायचं होतं की दुपारी तो तिच्याजवळ जाऊन बसायचा तेव्हा त्याच्या जिवाला खरंच थंडावा मिळायचा का.

"कुणाजवळ?" टाकीजवळच्या म्हातारीने विचारलं.

"कान तुटलेली आहे ती. म्हातारी. तुमच्या टाकीच्या सावलीत."

"माझ्या टाकीला?"

"रोज. बारा ते दोन."

"मी तवा झोपलेली असती," म्हातारी म्हणाली. ती माझ्या जवळ आली. "आणि करायचा काय त्यो तिथं?"

"काही नाही. ती त्याच्या पाठीचे केस उलगडायची. तो डोळे मिटून बसायचा."

"तिला पोर न्हाई व्हत आता?"

"नाही."

"मग कशाला जायचा?"

"तेच मला बघायचं होतं," मी म्हणाले.

म्हातारीने टाकीच्या दिशेला पाहिलं. तिचा नवरा जाऊन किती वर्षं झाली होती मला माहीत नाही, मी विचारलं नव्हतं आणि अजूनही विचारलेलं नाही. मग ती पिंडाकडे वळली आणि ज्या आवाजात रोज शिव्या द्यायची त्याच आवाजात ओरडली, "आरं मुडद्या, आधी सांगायचं न्हाई व्हय! तिला मी बघीन! कणीस देईन रोजचं! जा आता!"

कावळे उडाले. खाली आले नाहीत, उडून गेले, तिच्या आवाजाने. गुरवाने डोळे मिटून मान हलवली. पण फांद्यांत काहीतरी सळसळलं आणि चिंचेच्या बुंध्यावरून, घाई न करता, कान तुटलेली मादी उतरली. एवढ्या माणसांकडे तिने पाहिलंही नाही. दगडापाशी गेली, पिंडावरचे शेंगदाणे वेचून खाल्ले, मग गूळ, मग दोन्ही हातांनी भात.

ती भूक होती. नवा नर आल्यापासून त्याच्या धाकाने तिला धड खायला मिळालं नव्हतं, हे माझ्या नोंदींत होतं. मी वही काढली आणि 'अन्नग्रहण' असं लिहिलं. पण गावाच्या दृष्टीने प्रश्न वेगळाच उभा राहिला होता.

"वानर शिवलं तर चालतंय का?" चेअरमनने विचारलं.

"शास्त्रात कावळा हाय," कुणीतरी म्हणालं.

"शास्त्रात माणूस मेल्यावर कावळा हाय. वानर मेल्यावर काय हाय ते बघा की."

सगळे गुरवाकडे बघायला लागले. गुरवाने घड्याळाकडे पाहिलं. "घरच्यांनीच येऊन खाल्लं," तो म्हणाला, "आता कावळ्याला इचारतंय कोण? उठा, पानं मांडा."

जेवण झाल्यावर मामांनी म्हशीचा डबा आत्याच्या हातात दिला, आणि ती तो घेऊन गोठ्याकडे गेली. मग ते मला म्हणाले, "त्याच्या नळ्या तुझ्याकडं ठेव. पर एक गोष्ट. निकाल लागला की हितं येऊन सांगायचा. लाऊडस्पीकरवर. सगळ्या गावाला."

मी 'हो' म्हणाले. दुसरी कुठलीही शिक्षा मी आनंदाने घेतली असती.

नळ्या वेळेत पुण्याला पोचल्या. दीड महिन्याने, एका शनिवारी, मी मारुतीच्या देवळात माईकसमोर उभी राहिले. मराठीत लिहून आणलं होतं, आत्याने दोनदा वाचून घेतलं होतं आणि 'समागम' खोडून 'माज' केलं होतं. मी सांगितलं की भांडणाच्या दिवसांनंतर त्याचं नराचं संप्रेरक वाढलेलं सापडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पैलवानाने कुस्ती मारल्यासारख्या. मग मी सांगितलं की कान तुटलेल्या मादीजवळ बसण्याने त्याचा ताण कमी होत होता की नाही, ते नक्की सांगता येत नाही. तो रोजच तिच्याजवळ बसायचा. न बसलेले दिवस इतके थोडे होते की तुलना कशाशी करणार? नमुने पुरले नाहीत.

टाळ्यांसाठी उचललेले हात खाली गेले. एवढं सगळं करून 'सांगता येत नाही', हे माईकवरून फार वाईट ऐकू येतं.

"पुरलं न्हाईत?" टाकीजवळच्या म्हातारीने पुढच्या रांगेतून विचारलं.

"नाही."

"मग आजून गोळा कर की. नवा आलाय न्हवं का."

मी म्हणाले, माझा प्रबंध आता झाला, मला पदवी मिळणार आहे, मला साताऱ्याला जावं लागेल. सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. मला वाटलं विषय संपला.

पुढच्या गुरुवारी साताऱ्याला आमच्या दारात गावाकडचा एक माणूस उभा राहिला. कामासाठी आला होता, जाता जाता एक पिशवी द्यायची होती. पिशवीत बर्फ वितळलेला स्टीलचा डबा, आणि डब्यात लोणच्याच्या चार छोट्या बरण्या, घट्ट झाकण लावलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टीने कागद लावलेला, त्यावर मामांचं सरळ, टोकदार अक्षर. मी त्या तशाच कॉलेजला नेल्या आणि मॅडमसमोर ठेवल्या. मॅडम म्हणाल्या, वितळलेले नमुने चालत नाहीत, यांना कळवून टाक. मग त्यांनी चष्मा लावून पहिली बरणी उचलली आणि वरचा कागद मोठ्याने वाचला.

"नवा हुप्प्या. वेळ शून्य सात दहा. ठिकाण पाण्याची टाकी. हवामान स्वच्छ. मनोबल उत्तम."

मॅडमनी बरणी खाली ठेवली. "यांना कळव," त्या म्हणाल्या, "की बर्फ जास्त घाला."